घासण्याआधी वाचायला शिका



दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिलात, तर खाडीकडे पाहण्याआधी जरा पायांशी पाहा. बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्यावर तांबूस पापुद्रे सुटलेले दिसतील. जस्त चढवलेल्या नळीवर पांढुरकी पूड दिसेल. एखाद्या होडीवरचा पितळी बोल्ट हिरवट झालेला असेल. कोणाच्या सायकलच्या हँडलवरचा चकचकीत मुलामा नेमका एका ओरखड्यापाशी फुगलेला असेल. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथले हे जुने बंदर. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज आरमार त्यावर चालून आले होते, तेव्हाही वारा असाच खारट असणार. हवा एक, मीठ एक. पण चार पृष्ठभागांनी तिला चार वेगवेगळी उत्तरे दिलेली आहेत.

आपण मात्र या चारही उत्तरांना ‘गंज’ हे एकच नाव देतो आणि त्यावर एकच उपाय जाणतो : घासणे! चिंच, राख, वाळूचा कागद, हाताला लागेल ते घ्यायचे आणि वस्तू लखलखीत करायची. रोजच्या वापरातल्या पितळी तांब्याला हे ठीक आहे. पण जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही सवय घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण धातूचा वरचा थर म्हणजे पुष्कळदा मळ नसून मजकूर असतो. तो एकदा पुसला की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

हे पटवण्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते जुन्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे. उदाहरण ऐकून गुरुजनांच्या भुवया उंचावतील. शस्त्राचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. परंतु तळहाताएवढ्या जागेत इतके धातू, इतके लेप आणि इतके बारीक भाग एकत्र आणणाऱ्या वस्तू थोड्याच. शिवाय हे उदाहरण आपण काचेपलीकडूनच पाहायचे आहे. पिस्तूल विनापरवाना बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. असे काही कुठे सापडले तर हात न लावता वडीलधाऱ्यांना व पोलिसांना सांगायचे, हे आधीच ठरवून टाकू.

अशा वस्तूला आपण तीन प्रश्न विचारू.

सांगाडा कशाचा?

अर्धस्वयंचलित पिस्तुलात एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. पण त्या धक्क्याच्या जोरावर वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टोपण बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत बसवतो. म्हणजे दर वेळी खालच्या सांगाड्याला जोराचा दणका बसतो. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या भागातले सांगाडे बहुधा घडीव पोलादाचे असत; अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल घ्या.

पोलाद मजबूत, पण जड. एक घनसेंटिमीटर पोलाद सुमारे ७.८ ग्रॅम भरते, तर ॲल्युमिनियम अवघे २.७ ग्रॅम. तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर काही कारखाने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूकडे वळले. जर्मनीच्या वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा युद्धकाळातला सांगाडा पोलादी होता. १९५७ पासून पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी तेच पिस्तूल पुन्हा बनू लागले, तेव्हा सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला. वजन घटले, पण वारंवार बसणाऱ्या दणक्यांनी धातू थकतो, हा निसर्गाचा नियम कुठे जाणार? पुढे त्या सांगाड्यात जोर येतो त्या जागी एक षट्कोनी पोलादी खीळ बसवावी लागली. आज ती छोटीशी खीळ दिसली, की जाणकार सांगतो : हा सांगाडा नंतरच्या काळातला आहे.

१९७० साली जर्मनीतील एका पिस्तुलाचा सांगाडा प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा झाला. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाने तो मार्ग रूढ केला. त्यातही सरकता भाग जिथे घासतो तिथे पोलादी पट्ट्या ठेवाव्या लागल्याच. म्हणजे ‘कशाचे बनले आहे?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा बहुधा घाई करतो आहे असे समजावे.

कातडी कशाची?

कल्हई तुम्हाला ठाऊक आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून आत कथलाचा पातळ लेप देतात. धातूवर दुसऱ्या धातूची कातडी चढवायची, ही ती कल्पना. पिस्तुलावर निकेलचा चकचकीत मुलामा देत, तो याच जातीचा.

पण मुलाम्या-मुलाम्यात फरक असतो. लोखंडी बादलीवरच्या जस्ताला ओरखडा पडला तरी बादली लगेच गंजत नाही. कारण जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजते आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला वाचवते. म्हणूनच पोलादी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. निकेलचे नेमके उलटे आहे. ते अखंड असेतोवर उत्तम. पण एक ओरखडा पडला, की त्या फटीतले लोखंड अधिकच वेगाने झिजते आणि मुलामा आतून फुगतो. धक्क्यावरच्या सायकलचे हँडल आठवा!

याहून गमतीची गोष्ट निळसर-काळ्या पोलादाची. जुन्या पिस्तुलांवर जो गडद निळा-काळा रंग दिसतो तो रंग नव्हे, लेपही नव्हे. तो मुद्दाम आणलेला गंजच होय! लोखंड आणि ऑक्सिजन यांची संयुगे एकाहून अधिक आहेत. तांबडा गंज पाणी धरून ठेवतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि म्हणून पापुद्रे होऊन सुटतो; खाली ताजे लोखंड उघडे पडते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. काळ्या संयुगात लोखंडाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि ते पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसते. जुने कारागीर पोलादावर आधी तांबडा गंज चढू देत, मग ते पाण्यात उकळत. तांबड्याचे काळे होई. सुटी पूड हलक्या हाताने झाडून हाच क्रम पुन्हापुन्हा करत. हा थर जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असतो. वाळूचा कागद दोनचार वेळा फिरवा, की कारागिराचे सारे कष्ट संपले!

आपल्या सैन्याच्या परिचयाचे उदाहरण पाहा. ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल १९३५ साली बेल्जियममध्ये आले. जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर १९४४ पासून कॅनडातील इंग्लिस कारखान्याने ते बनवले. त्याच घडणीवर पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात आपले ९ मि.मी.चे १-ए पिस्तूल तयार झाले. युद्धापूर्वीच्या बेल्जियन नगाला घोटून आणलेली निळी-काळी झळाळी असे, तर कॅनडातील नगावर फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर. युद्धात घोटत बसायला वेळ कोणाला? शिवाय फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक स्पंजासारखे तेल धरून ठेवतात आणि ऊन पडले तरी चमकत नाहीत. घडण एक, पण कातडीवरून शांतता आणि युद्ध ओळखता येते. आता कोणी तो करडा थर ‘ओबडधोबड दिसतो’ म्हणून घासून चकचकीत केला, तर त्याने इतिहासाचे एक पानच फाडले म्हणायचे.

बारीक भाग काय सांगतात?

लोहार छिन्नीला किंवा कोयत्याला पाणी देतो तेव्हा कधी शेजारी उभे राहिला आहात का? लाल पोलाद पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून तो ते पुन्हा बेताने तापवतो आणि रंगावर डोळा ठेवतो. सुमारे २२० ते २४० अंश सेल्सिअसला गवतासारखा पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा! ऑक्साइडचा पडदा जसजसा जाड होतो तसतसा त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग बदलतो; साबणाच्या फुग्यावर दिसतो तोच हा प्रकार. पिवळा पडदा तर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाचा चाप आणि सुरक्षेचा खटका असे काही बारीक भाग मुद्दाम याच पिवळ्या रंगापर्यंत तापवलेले असत. बाकीचे पिस्तूल काळे-निळे आणि मध्येच हे सोनेरी ठिपके! १९३७ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली आणि बारीक भागही काळे-निळे येऊ लागले. म्हणजे चापाच्या रंगावरून वस्तूच्या काळाचा अंदाज बांधता येतो. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या डोळ्यांना तो पिवळेपणा कशासारखा दिसेल? कोवळ्या गंजासारखा! पावसाळा संपल्यावर कपाट उघडणारा हौशी माणूस सगळ्यात आधी नेमका तोच पुसायला घेईल.

स्प्रिंगांची आणखी एक गोष्ट. गंज घालवण्यासाठी पुष्कळ जण तीव्र आम्ल वापरतात. आम्ल आणि लोखंड यांच्या क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो. तो अतिकठीण पोलादात शिरला तर पोलाद ठिसूळ बनते. वरून झकास दिसणारी स्प्रिंग पुढे अचानक तुटते. तसेच, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात पोलादी खीळ असेल, तर खाऱ्या दमट हवेत त्या दोघांची जणू एक बॅटरीच तयार होते आणि खिळीभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते.

मग गंजू द्यायचे का?

कोणी विचारील, ‘काहीच करायचे नाही, म्हणजे वस्तू कुजू द्यायच्या का?’ मुळीच नाही. चालू असलेला गंज थांबवलाच पाहिजे. पण थांबवणे वेगळे आणि चमकवणे वेगळे. जतन करणारे तज्ज्ञ आधी छायाचित्रे घेतात, खुणा व क्रमांक नोंदवतात, हवेतला ओलावा कमी करतात, कमीत कमी हात लावतात. समुद्रातून काढलेल्या लोखंडी तोफेच्या आत मीठ मुरलेले असते. ती नुसती घासून, रंग फासून ठेवली, तर काही काळाने रंगासकट पापुद्रे गळू लागतात. म्हणून ती कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात महिनोन् महिने ठेवून मीठ बाहेर काढावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर जंजिऱ्यापासून खाली कितीतरी जुने लोखंड उघड्यावर आहे. उत्साही हातांची तिथे उणीव नाही. थांबून पाहणाऱ्या डोळ्यांची आहे.

शाळेत काय करता येईल?

तीन परीक्षानळ्यांतील खिळ्यांचा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. ‘हवा आणि पाणी यांमुळे लोखंड गंजते’ एवढे लिहून वही मिटते. माझी शिक्षकांना विनंती आहे, की खरा प्रयोग तिथून पुढे सुरू करावा. एक साधा खिळा, एक जस्त चढवलेला, एक तेल लावलेला आणि एक तांब्याच्या तारेने गुंडाळलेला, असे चार खिळे खाडीच्या पाण्यात महिनाभर ठेवा. दर आठवड्याला फक्त पाहा आणि लिहा. एकदाही पुसू नका. तारेखालचा खिळा कसा झिजतो ते पाहिलेत, म्हणजे सांगाड्यातल्या त्या खिळीची कथा पुन्हा सांगावी लागणार नाही.

मग घरातले जुने कुलूप, आजीचा अडकित्ता, आजोबांचे घड्याळ, यांतील एक वस्तू घ्या. सांगाडा कशाचा, कातडी कशाची, बारीक भाग कशाचे, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत उतरवा. घरचे म्हणतील, ‘किती कळकट दिसते, दे घासून!’ त्यांना वही दाखवा आणि नम्रपणे सांगा, ‘थांबा, माझे वाचून व्हायचे आहे.’