पहिली आज्ञा कोणाची?

डोळखांबच्या परिसरात ओढ्याकाठी शेतीचा पंप सुरू करताना तुम्ही पाहिला असेल. फूट व्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झाला असेल, तर नुसते बटण दाबून पाणी वर चढत नाही. पंपाचा पंखा हवेत फिरत राहतो. हवा हलकी असल्यामुळे पाणी ओढण्याइतका दाबाचा फरक निर्माण होत नाही. म्हणून आधी बादलीने पंपात पाणी भरावे लागते. पाणी उपसणाऱ्या यंत्रालाच सुरुवातीला बाहेरून पाणी द्यावे लागते!

संगणकाची अडचण अशीच आहे. डिस्कवरील आज्ञावली स्मृतीत आणायची, तर ते कामही आज्ञावलीच करणार. आणि बटण दाबले त्या क्षणी स्मृती तर कोरी असते. म्हणून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायम साठवलेली असते. ती पहिली जागी होते आणि पुढच्या आज्ञावलीला हाक मारते. प्रश्न असा की, हाकेला ओ देणारा खरोखर आपलाच माणूस आहे, हे कोण पाहणार?

१९८१ साली आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेली 'बायोस' ही पद्धत हे पाहत नसे. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्यात जे असेल त्याच्या हाती कारभार सोपवायचा, एवढेच तिला ठाऊक होते. याचा फायदा कोणी घेतला? १९९० साली भारतात आढळलेल्या 'जोशी' नावाच्या संगणक-विषाणूने! तो नेमका या पहिल्या तुकड्यात जाऊन बसे. दरवर्षी ५ जानेवारीला संगणक अडे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकायला सांगे. गंमत वाटते खरी. पण मालकाच्या आधी परका घरात शिरलेला असे, ही गोष्ट गमतीची नव्हे.

जुन्या पद्धतीला दुसरीही मर्यादा होती. डिस्कच्या विभागांची नोंद ठेवताना तुकड्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ बाइट, हा गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारे २.२ टेराबाइट येईल. त्यापलीकडची जागा त्या नोंदीत मावतच नाही. आजच्या सर्व्हरला एवढ्यावर कसे भागवता येईल?

'यूईएफआय' ही नवी पद्धत मुळात मोठ्या सर्व्हरांच्या गरजेतूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. २००५ पासून अनेक कंपन्यांची संयुक्त संस्था तिचे नियम ठरवते. तिच्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या नोंदवहीत क्रमांक ६४ बिटांचे असतात. शिवाय नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली बिघडली, तर दुसरी उपयोगी पडते.

परंतु माझ्या मते खरा लाभ तपासणीचा आहे. त्यासाठी एक ओळखीचे उदाहरण घेऊ. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. अशा फाइलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही. 'सिक्युअर बूट' या सोयीत हेच गणित वापरले जाते. चिपमधील आज्ञावली पुढच्या आज्ञावलीची सही तपासते. जुळली तरच तिला पुढे जाऊ देते. मग ज्या सर्व्हरवर शेतकऱ्याचा उतारा किंवा विद्यार्थ्याची गुणपत्रिका राहते, त्याची पहिली आज्ञाच बिनसहीची असावी काय? कागदावर सही हवी आणि कपाट उघडणाऱ्याला मात्र कोणी ओळख विचारू नये, हे तर्काला धरून नाही.

काहीजण म्हणतील, ही तपासणीही चुकवता येते. खरे आहे. २०२३ साली 'ब्लॅकलोटस' या घातक आज्ञावलीने ते करून दाखवले. म्हणूनच चिपमधील आज्ञावली आणि रद्द केलेल्या सह्यांची यादी वेळोवेळी नवी करावी लागते. कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही! दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कोणाची सही मान्य करायची, हे कोणी ठरवायचे? बहुतेक संगणकांत मोठ्या कंपनीच्या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. मला वाटते, स्वतःची किल्ली नोंदवण्याचा हक्क यंत्राच्या मालकाकडे असलाच पाहिजे. मात्र जुनी प्रणाली पटकन चालावी म्हणून तपासणीच बंद करून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या विंडोज संगणकावर 'एमएसइन्फो३२' ही आज्ञा द्या. उघडणाऱ्या माहितीत 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' या ओळी विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. फक्त पाहा, बदलू नका. डिस्कवरील नोंद जुन्या पद्धतीची असताना नुसती पद्धत बदलली, तर संगणक सुरूच होणार नाही. तो का होणार नाही, हे वर्गात विचारा. उत्तर वर आलेच आहे.