सहा भोके की पाच?

आमचे एक जुने स्नेही हल्ली ठाण्यास मुलीजवळ राहतात. १९७९ साली ते मेकॅनिक म्हणून शारजास गेले, तेथील एका कंत्राटदाराच्या गाड्या त्यांनी तीस वर्षे सांभाळल्या आणि मग डोळ्यांनी दगा दिल्यावर ते मायदेशी परतले. त्यांचे चिरंजीव मात्र शारजासच नोकरीस आहेत. गेल्या महिन्यात स्नेह्यांनी आम्हांस मुद्दाम बोलावून घेतले आणि चहाची कपबशी पुढे सारून ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही हे सदर चालवता. आमच्या मुलाला चार ओळी लिहा. बापाचे तो ऐकत नाही, छापलेल्या अक्षराचे तरी ऐकेल."

प्रकरण असे की, ज्या पिकअपवर वडिलांनी उमेदीची वर्षे घालवली तीच गाडी चिरंजीवांनी हौसेने विकत घेतली आहे. १९८८ सालची टोयोटा लँड क्रूझर, सत्तर मालिकेतली, पेट्रोलवर चालणारी. इथवर सारे चांगले. पुढे त्यांनी वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारातून नव्या लँड क्रूझरच्या चार रुंद रिमा टायरांसकट स्वस्तात उचलल्या, आणि घरी आणून पाहतात तो गाडीच्या हबवर सहा स्टड आणि रिमेत पाच भोके! एका कारागिराने सांगितले, "काळजी नको, एका संध्याकाळीत हबला नवी भोके पाडून देतो." डिसेंबरात पत्नी आणि दोन मुलांना घेऊन लिवाच्या वाळवंटात जाण्याचा बेत आहे. शारजापासून ती वाट साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. शेवटी मोरीबचा तो प्रसिद्ध वाळूचा डोंगर. स्नेह्यांची झोप का उडाली, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

ज्या वाचकांचा मोटारीशी संबंध केवळ तीत बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. बैलगाडीचे चाक एकाच आखावर, एकाच तुंब्यात फिरते. मोटारीचे चाक हबवर अनेक स्टड आणि नट यांनी आवळलेले असते. सर्व भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणारे एक वर्तुळ कल्पावे. त्याचा व्यास आणि भोकांची संख्या, या दोन आकड्यांनी चाकाची जात ठरते. गॅरेजातली मंडळी त्या व्यासाला पी.सी.डी. म्हणतात. जुन्या लँड क्रूझरचा आकडा सहा भोके आणि १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. १९९९ साली टोयोटाने हीच पिकअप नव्या रूपात आणली तेव्हा भोके पाच झाली, वर्तुळ १५० मिलिमीटरांचे झाले आणि १२ मिलिमीटरांच्या स्टडच्या जागी १४ मिलिमीटरांचे स्टड आले. पाच म्हणजे सहापेक्षा दुबळे, असे मात्र कोणी समजू नये. पाच जाड स्टडच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ सहा बारीक स्टडच्या क्षेत्रफळापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिकच भरते. दोष पाचात नाही आणि सहातही नाही. एकाच्या अंगावर दुसरे बळेच बसवण्यात आहे.

आखाती देशांत या पिकअपला काय मान आहे, हे तेथे राहिलेल्यांनाच ठाऊक. अरब मंडळी तिला लाडाने 'शास' म्हणतात. 'चॅसी' या शब्दाचाच तो अरबी अवतार. उंटाचा चारा, पाण्याची पिंपे, बांधकामाच्या सळ्या, मजुरांची टोळी, सारे तिच्याच पाठीवर. शारजात २००८ साली जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडले, आणि अबुधाबीच्या वाळवंटात शेख हमद यांच्या संग्रहालयाबाहेर १९५०च्या दशकातील डॉज पॉवर वॅगनची एवढी अवाढव्य प्रतिकृती उभी आहे की तिच्या पोटात खोल्या आहेत. जेथे पिकअपची अशी प्रतिष्ठा, तेथे आमच्या स्नेह्यांच्या मुलाने जुनी गाडी सजवावी यात नवल नाही. त्यांची हौस आम्ही मुळीच मोडू इच्छीत नाही.

आता त्या 'एका संध्याकाळी'कडे वळू. हबला नवी पाच भोके पाडणे वरवर सोपे दिसते. आम्ही कागद, कंपास आणि कोनमापक घेऊन बसलो. वाचकांतील विद्यार्थ्यांनीही बसावे. ६९.८५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर साठ-साठ अंशांवर सहा बिंदू काढा. त्याच मध्यातून ७५ मिलिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढून त्यावर बहात्तर अंशांवर पाच बिंदू काढा. हे पाच बिंदू कसेही फिरवून पाहा. उत्तमात उत्तम मांडणी केली तरी पाचांपैकी दोन बिंदू जुन्या बिंदूंपासून केवळ सहा अंशांवर येतात, म्हणजे दोन मध्यांतील अंतर जेमतेम ९ मिलिमीटर. एक भोक १२ मिलिमीटरांचे, दुसरे १४ चे. दोन्ही नुसती एकमेकांस चिकटून राहावयाची तरी मध्यांत १३ मिलिमीटर अंतर हवे. अर्थ स्पष्ट आहे. निदान दोन नवी भोके जुन्या भोकांत घुसणारच. मग कारागीर जुनी भोके वेल्डिंगने भरील, वरून घासून गुळगुळीत करील आणि रंग मारील. ओतीव लोखंडाला असे वेल्डिंग म्हणजे फुटक्या रांजणाला चुना. शिवाय मागच्या ब्रेकच्या ड्रमलाही तीच भोके पाडावी लागतात, आणि नवे वर्तुळ मूळ मध्याशी केसभर चुकले तर चाक प्रत्येक फेऱ्यात लंगडणार. हा मार्ग आम्ही सरळ निषिद्ध मानतो. येथे बापाचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

दुसरा मार्ग पुढचा आखच बदलण्याचा. नव्या पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, जुनीला पट्ट्यांचे कमानपाटे. म्हणजे आख बदलावयाचा तर अर्धी गाडी बदलावी लागेल. तो विचार येथेच सोडू.

तिसरा मार्ग ॲडॉप्टरचा, आणि येथे स्नेह्यांशी आमचा थोडा मतभेद आहे. त्यांच्या मते ॲडॉप्टर म्हणजे थेट मृत्यूचे आमंत्रण. आम्ही इतके टोकाला जात नाही. ॲल्युमिनियमची जाड तबकडी सहा नटांनी हबवर बसते आणि तिच्यातून निघालेल्या पाच स्टडवर नवे चाक बसते. तिची जाडी सुमारे ३० मिलिमीटर, म्हणून चाक तितके बाहेर येते. इतर गाड्यांत हा मोठाच दोष ठरतो, कारण बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर ताण वाढतो. पण नव्या लँड क्रूझरच्या रिमांचा ऑफसेट सुमारे ६० मिलिमीटर असतो, म्हणजे त्या मुळातच बऱ्याच आत बसणाऱ्या आहेत; त्या तबकडीने थोड्या बाहेर आल्या तर जुन्या गाडीला उलट सोयीच्याच पडतात. तेव्हा भूमितीची हरकत नाही. हरकत दुसरी आहे. तबकडीचे सहा नट चाकाच्या मागे दडलेले असतात. चाक उतरवल्यावाचून ते दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते आपण तपासत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर तापणारी आणि रात्री निवणारी गाडी, वाळूत पंधरा पौंड हवेवर वळवळणारे टायर, आणि आत सहा नट कोणाच्याही नजरेआड! शिवाय स्टेपनीचे काय? चार रिमा घेतल्या, पाचवी नाही. वाळवंटात टायर बसला तर जुनी सहा भोकांची स्टेपनी तबकडीवर चढणार नाही; प्रथम तबकडी उतरवावी लागेल, मग चाक लावावे लागेल, तेही वाळूत रुतलेल्या जॅकवर, मुले उन्हात उभी असताना.

येथे आमची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३ सालच्या मे महिन्यात अलिबागचे लग्न आटोपून आम्ही वऱ्हाडासह मॅटाडोरने पेणकडे निघालो होतो. कार्ले खिंडीच्या उतारावर मागून धडाड असा आवाज झाला, गाडी एका अंगावर कलली आणि पाहतो तो एक चाक आमच्याच पुढे धावत चालले आहे! चालकाने गाडी कशीबशी कडेस घासत थांबवली. आमच्या एका आत्याबाईंचे मनगट मोडले; त्यावर ते बचावलो म्हणावयाचे. चाक आदल्याच दिवशी बसवले होते. कोठे, ते नाव घेण्यात आता अर्थ नाही. कारण एवढेच की दोन नट भलत्याच आट्यांचे होते आणि ते पान्याला पाइप लावून बळाने फिरवले होते. आटे चिरडले, पकड गेली, उरलेल्या नटांवर भार पडून तेही सैल झाले. चाकाचा भार स्टड पेलतात असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः स्टड चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबाने उत्पन्न होणारे घर्षण भार पेलते. दाब गेला की स्टड एकेक करून तुटतात.

म्हणून चिरंजीवांना आमचा सल्ला असा की भोके सहाच ठेवावीत आणि चाके बदलावीत. त्या देशात सहा भोकांच्या, १३९.७ च्या चाकांचा तुटवडा मुळीच नाही. ऐंशी मालिकेची लँड क्रूझर, जी १९९०च्या दशकात तेथे घरोघरी होती, तिची चाके त्याच वर्तुळाची. निसान पॅट्रोलच्या जुन्या पिढ्यांचीही तीच. मात्र आकडा जुळला म्हणून चाक जुळले असे नव्हे. मित्सुबिशी पजेरोचेही वर्तुळ तेच आहे, पण तिच्या रिमेचे मधले मोठे भोक अवघे ६७ मिलिमीटरांचे. लँड क्रूझरचा जाड हब त्यातून जाणारच नाही. मौज अशी की २०२१ साली आलेल्या तीनशे मालिकेत टोयोटा पुन्हा सहा भोके आणि १३९.७ यांवर परतली. हे ऐकून स्नेह्यांना असा आनंद झाला की जणू त्यांचाच खटला जिंकला. पण त्या रिमांचे मधले भोक ९५ मिलिमीटरांचे आहे, तेव्हा त्याही या हबवर चढावयाच्या नाहीत.

नटांविषयी दोन शब्द. टोयोटाच्या १२ मिलिमीटरांच्या स्टडचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे, निसानचे सव्वा मिलिमीटरचे. पॅट्रोलची रिम घेतली तरी तिचे नट घेऊ नयेत. नट आधी बोटांनी पाच-सहा फेरे सहज फिरला पाहिजे. न फिरला तर तो आपला नव्हे. लोखंडी रिमेला निमुळत्या तोंडाचे नट लागतात, टोयोटाच्या पुष्कळ ॲल्युमिनियम रिमांना सरळ गळ्याचे, वॉशर असलेले. एकाचे दुसऱ्यास लावले की पकड नुसती भासते. आवळताना समोरासमोरचे नट घ्यावेत, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. पाच भोकांची रिम मोजावयाची वेळ आली तर समोरासमोर भोक सापडत नाही; शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घेऊन त्यास १.७०१ ने गुणावे. १५० च्या वर्तुळात ते अंतर सुमारे ८८ मिलिमीटर भरते.

आणखी एक. संयुक्त अरब अमिरातीत गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करावयाचा तर आधी परवानगी काढावी लागते, आणि पाच वर्षांहून जुना टायर तेथे चालत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. स्वस्तात मिळालेल्या त्या टायरांवरचे आकडे वाचले का, असे आम्ही पत्रात विचारले.

उत्तर आठ दिवसांनी आले. चारांपैकी तीन टायर सात वर्षांचे निघाले. कारागिराला नकार कळवला आहे. चिरंजीव स्वतः कंपास घेऊन बसले, नऊ मिलिमीटरचा आकडा त्यांनाही तोच मिळाला आणि तो कागद त्यांनी वडिलांना फोनवर दाखवला. स्नेह्यांना तो नीट दिसला नाही, तेव्हा मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. पाच भोकांच्या रिमा तूर्त गच्चीवर पडून आहेत. निम्म्या किमतीलाही कोणी विचारत नाही. ऐंशी मालिकेच्या रिमा तीन मिळाल्या, चौथीला तडा होता म्हणून सोडली. चौथी आणि स्टेपनीसाठी पाचवी शोधणे चालू आहे. लिवाचा बेत डिसेंबरावरून जानेवारीवर गेला आहे.