आधी गाडी पाहा, मग चालक बदला

जालना जिल्ह्यात महिंद्रा म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो ट्रॅक्टर. परतूर-मंठ्याच्या काळ्या रानात नांगरट करणारा, मोंढ्याबाहेर रांगेत उभा राहणारा. मुंबईच्या याच कंपनीचा संघ फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक शर्यतीत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून उतरतो आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं. क्रिकेट आणि कुस्तीतून उरलेल्या चार ओळींत ही शर्यत आटोपली जाते. या आठवड्याची सगळी जागा मी तिला देतो आहे, कारण या संघाच्या इतिहासातली एक गोष्ट मला बरेच दिवस अस्वस्थ करते आहे.

२०२३-२४ चा फॉर्म्युला ई विश्वविजेता होता जर्मनीचा पास्कल वेरलाइन. २०२४-२५ चा विश्वविजेता इंग्लंडचा ऑलिव्हर रोलंड. लागोपाठचे हे दोन्ही विजेते कधीकाळी महिंद्राची गाडी चालवत होते, आणि दोघंही मोसम अर्ध्यावर असताना ती सोडून गेले. वेरलाइन जून २०२० मध्ये गेला आणि पोर्शेकडून विजेता झाला. रोलंड मे २०२३ मध्ये गेला आणि निसानकडून विजेता झाला.

योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नाही. २०२३ चंच पाहा. त्या वर्षी तिसऱ्या पिढीची नवी गाडी आली होती. संघाचा जुना प्रमुख दिलबाग गिल जाऊन फ्रेडरिक बर्ट्रांड नुकताच आला होता. जानेवारीत मेक्सिको सिटीत महिंद्राचा दुसरा चालक लुकास दि ग्रासी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला, तेव्हा वाटलं होतं की जमलं. ११ फेब्रुवारीला हैदराबादला भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर रोलंड सहावा आला. पुढच्याच केपटाऊनच्या शर्यतीतून मात्र महिंद्राला माघार घ्यावी लागली. मागच्या सस्पेन्शनचे भाग सुरक्षित नव्हते. महिंद्राची यंत्रणा वापरणाऱ्या एबीटी कुप्रा संघालाही त्यांच्याबरोबर बाहेर बसावं लागलं. मोनॅकोच्या शर्यतीनंतर काही दिवसांतच ‘परस्पर संमतीनं’ रोलंड वेगळा झाल्याची घोषणा आली आणि उरलेल्या शर्यतींसाठी स्पेनचा रोबेर्तो मेरी गाडीत बसला. मोसम संपला तेव्हा ११ संघांत महिंद्रा दहावा होता.

चालक बदलला, पण गाडी तीच राहिली. फॉर्म्युला ईमध्ये सांगाडा, बॅटरी आणि टायर सगळ्यांना सारखेच मिळतात. संघाचं कसब दिसतं ते मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ब्रेक दाबताना किती वीज परत बॅटरीत भरायची आणि ती कोणत्या फेरीत खर्चायची, हे चालक आणि इंजिनिअर मिळून महिनोन्‌महिने घोटतात. मोसम सुरू झाला की चाचणीला दिवस जवळजवळ मिळतच नाहीत. नवा माणूस सिम्युलेटरवर शिकतो आणि थेट भिंतींनी वेढलेल्या शहरी रस्त्यावर उतरतो. अशा वेळी तो जुन्यापेक्षा वेगवान ठरला नाही, तर त्यात त्याचा दोष काय?

बदल कधीच फळत नाही, असं मी म्हणत नाही. वेरलाइनच्या जागी आलेल्या ॲलेक्स लिननं बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावर नऊ दिवसांत सहा शर्यती काढल्या आणि पुढच्या मोसमात लंडनला महिंद्राला विजयही मिळवून दिला. फॉर्म्युला वनमध्ये मे २०१६ मध्ये रेड बुलनं दानिल क्वियातला खाली उतरवून १८ वर्षांच्या मॅक्स व्हेर्स्टापेनला बसवलं, तो पहिल्याच शर्यतीत स्पेनमध्ये जिंकला. मला वाटतं, त्या एका विजयानं सगळ्या मालकांचा समज बिघडवला. त्याच रेड बुलनं २०१९ मध्ये मोसमाच्या मध्यात पियेर गॅस्लीला धाकट्या संघात धाडलं आणि वर्षभरानं तो त्याच धाकट्या संघाच्या गाडीतून मोन्झाला जिंकला. २०२५ मध्ये लिअम लॉसनला अवघ्या दोन शर्यतींनंतर हटवलं. त्याच्या जागी आलेल्या युकी त्सुनोडालाही ती गाडी आवरली नाही. माणसं बदलत राहिली, अडचण जागच्या जागी राहिली.

आपल्या शंकरपटातही जोडी मागे पडली की पहिला बोल हाकणाऱ्याला लागतो. पण जाणता बैलवाला त्याआधी बैलाचा खूर पाहतो, खुराक पाहतो, छकड्याचं चाक पाहतो.

भारतीय चालकांच्या वाट्याला तर याहून कडू अनुभव आला. २०१० मध्ये फॉर्म्युला वनमधल्या एचआरटी या दुबळ्या संघानं करुण चंधोकला दहा शर्यतींनंतर उतरवलं. पुढच्या वर्षी त्याच संघानं नारायण कार्तिकेयनची जागा इंग्लंडच्या शर्यतीपासून डॅनिएल रिकार्डोला दिली. दोन्ही वेळा प्रश्न वेगाचा कमी आणि पैशाच्या पाठबळाचा जास्त होता. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर कार्तिकेयन परत आला, तेव्हा तो १७ वा आणि रिकार्डो १८ वा आला. गाडी दोघांचीही तीच.

आणि मुंबईचा जेहान दारूवाला? २०२३ मध्ये तो महिंद्राचा राखीव चालक होता. रोलंड गेला तेव्हा खुर्ची रिकामी होती, कंपनी मुंबईची होती आणि चालकही मुंबईचा होता. पण जेहानचा त्या वर्षीचा मुख्य करार फॉर्म्युला टूचा. फॉर्म्युला ईच्या जकार्ताच्या शर्यती ३ आणि ४ जूनला, नेमक्या त्याच दोन दिवशी बार्सिलोनात फॉर्म्युला टू. लंडनच्या वेळीही तसंच, तिकडे बेल्जियममध्ये शर्यत. पुढच्या मोसमात जेहान फॉर्म्युला ईमध्ये आला, पण मासेराटीच्या गाडीतून. राखीव माणूस गरजेच्या दिवशी मोकळाच नसेल, तर त्याला राखीव कशासाठी म्हणायचं? हा दोष जेहानचा नाही, नियोजनाचा आहे.

महिंद्रानं त्यानंतर जे केलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. २०२३ च्या जुलैमध्ये फॉर्म्युला वनच्या अल्फाटाउरी संघानं दहा शर्यतींनंतर काढलेल्या निक डी व्रीसला त्यांनी घेतलं, एदुआर्दो मोर्ताराला सोबत दिलं आणि ती जोडी फोडली नाही. पहिलं वर्ष कठीण गेलं, तरी दोघांना ठेवलं आणि मेहनत गाडीवर घेतली. २०२४-२५ मध्ये संघ चौथा आला. दहाव्यावरून चौथ्यावर, दोन मोसमांत.

हा धीर आता एखाद्या भारतीय मुलासाठीही दाखवावा. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर मुलं घडतात, तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. मराठवाड्यात तर तसा ट्रॅक जवळ मिळणंही कठीण. ज्या कंपनीचे ट्रॅक्टर इथल्या गावोगावी आहेत, तिनं राखीव चालक भारतीय ठेवावा, त्याचं वेळापत्रक स्वतःच्या हातात ठेवावं आणि जागा रिकामी झाली की पहिला फोन त्यालाच करावा. २०१४-१५ च्या पहिल्या मोसमात करुण चंधोक महिंद्राकडून धावला. त्यानंतरच्या दहा मोसमांत त्या संघाकडून एकही भारतीय शर्यतीत उतरलेला नाही.