कंबरेचा पुरावा, बाळाचा उपचार

ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हाडा-सांध्यांवर हातांनी करायच्या उपचारांच्या, जाहिरातीत ‘सर्व वयोगटांसाठी’ हे शब्द हमखास असतात. त्याखाली यादी असते. तान्ह्या बाळाची रडारड, शाळकरी मुलांची वाकलेली पाठ, संगणकापुढे बसणाऱ्यांची मान, बाळंतिणीची कंबर, आजोबांचे गुडघे, आणि शेवटी झोप, पचन, मनाचे स्वास्थ्य. मोबाइलवर तर मान वळवून ‘कट्’ असा आवाज काढून दाखवणाऱ्या चित्रफितींचा पूर आहे. या सगळ्याला भोंदूगिरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. या यादीतल्या एका ओळीला, म्हणजे मोठ्या माणसाच्या कंबरदुखीला, बऱ्यापैकी आधार आहे. अडचण अशी की उरलेली यादी त्या एका ओळीच्या पतीवर उधारी करते. मोठ्या माणसाच्या कंबरेवर जे थोडेफार सिद्ध झाले, त्याच्या बळावर महिन्याभराच्या बाळाच्या डोक्याला आणि ऐंशीच्या आजीच्या मणक्याला हात घालण्याची मुभा मागितली जाते. ती देऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हा सर्वव्यापी दावा आजच्या जाहिरातदाराने शोधलेला नाही, तो मुळातच आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुले दगावली आणि त्या काळचे वैद्यक काहीही करू शकले नाही. त्या काळचे वैद्यक म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफू आणि दारू. त्यातली बरीच औषधे रोगापेक्षा घातक होती, तेव्हा स्टिलचा औषधांवरचा विश्वास उडाला यात नवल नाही. १८७४ मध्ये त्याने आपली नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावी तिची पहिली शाळा काढली. हाडांची, विशेषतः मणक्यांची ठेवण बिघडली की रक्ताचा आणि चेतनेचा प्रवाह अडतो, त्यातून रोग होतो, आणि हातांनी ती ठेवण सुधारली की शरीर आपले आपण बरे होते, असा त्याचा सिद्धान्त. तो कंबरदुखीपुरता नव्हता, सगळ्या रोगांसाठी होता. औषधे निरुपयोगी होती तेव्हा अशी पद्धत निदान अपाय तरी कमी करत होती. पुढे औषधे सुधारली, सिद्धान्त मात्र आहे तिथेच राहिला.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: अमेरिकेत तर ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर असतात, मग शंका कसली? असतात हे खरे. तिथले ‘डीओ’ पदवीधर औषधे लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि १९७३ पर्यंत सर्व राज्यांनी त्यांना पूर्ण परवाना दिला होता. पण हा मान त्यांना स्टिलचा सिद्धान्त सिद्ध करून मिळालेला नाही. औषधशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत इतर डॉक्टर जे शिकतात ते सगळे आपल्या अभ्यासक्रमात घेतले, म्हणून मिळाला. आज त्यांच्यातले अनेकजण हातांचे उपचार क्वचितच करतात. ब्रिटन किंवा फ्रान्समधला ऑस्टिओपॅथ मात्र डॉक्टर नसतो, तो हातांनीच उपचार करतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. प्रतिष्ठा अमेरिकेतल्या डॉक्टरची सांगायची आणि काम युरोपातल्या हस्तोपचारकाचे करायचे.

आता कंबरेच्या पुराव्याकडे येऊ, कारण खरे द्रव्य तिथेच आहे. ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या १,३३४ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरच्या नेहमीच्या सल्ल्याला मणक्यावरच्या हस्तोपचारांची जोड दिली, तर तीन महिन्यांनी रुग्णाच्या हालचालीत २४ गुणांच्या मापावर सरासरी १.६ गुणांची आणि वर्षाने १ गुणाची जास्त सुधारणा दिसली. थोडी, पण खरी. त्यानंतरची फ्रान्समधली चाचणी जास्त कडक होती. तिथे ४०० जणांपैकी निम्म्यांना खरा उपचार आणि निम्म्यांना तसाच भासणारा लटका स्पर्श देण्यात आला, दोघांनाही सहा-सहा वेळा. २०२१ मध्ये तिचा निष्कर्ष आला. तीन महिन्यांनी हालचालींवरची मर्यादा १०० गुणांच्या मापावर खऱ्या उपचाराने ४.७ ने कमी झाली आणि लटक्याने १.३ ने. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, पण रुग्णाला तो जाणवेल का याबद्दल खुद्द संशोधकांनीच शंका घेतली. दुखण्याच्या तीव्रतेत तर लक्षणीय फरक दिसलाच नाही. २०१९ मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही उत्तर याच सुरातले होते: मणक्यावरचे हस्तोपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या, म्हणजे मुख्यतः व्यायामाच्या, तोडीचे आहेत, सरस नाहीत. ज्याला व्यायाम सुरू करायलाच दुखणे आडवे येते, त्याला हा आधार नक्की घेता येईल. ब्रिटनच्या आरोग्यसेवेची २०१६ ची मार्गदर्शक सूचना नेमके हेच सांगते: हस्तोपचार द्या, पण व्यायामाच्या जोडीने द्या, नुसते नकोत.

‘आम्हाला गुण आला ना, मग चाचण्या कशाला?’ हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत महाराष्ट्रात अजून अनेकांना ठाऊक आहे. आणि उसण उतरतेही. कारण अचानक धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण सुटते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे कळसाला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणीला लागायचेच असते, आणि श्रेय त्या क्षणी जो हजर असेल त्याला जाते: मग तो पायाळू असो, मलम असो की ऑस्टिओपॅथ. म्हणून तर लटक्या स्पर्शाशी तुलना करावी लागते. ऑस्टिओपॅथी लटक्या स्पर्शापेक्षा थोडी वरचढ आहे हे आपण म्हणू शकतो, ते या तुलनेमुळेच. किती वरचढ, तेही तीच तुलना सांगते.

उपचाराचा थोडा उपयोग होतो म्हणून त्यामागची कहाणी खरी ठरत नाही. ‘मणका सरकला होता, बसवला’ हे वाक्य रुग्णाला पटते, कारण आवाज त्याने स्वतः ऐकलेला असतो. पण तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की तिथे वायूची पोकळी तयार होते, बोटे मोडताना होते तशीच. कुठला मणका ‘अडकला’ आहे हे हात लावून ओळखण्यात दोन तज्ज्ञांचेही एकमत क्वचितच होते. एमआरआयवर दिसणाऱ्या गाद्यांच्या झिजेचेही तसेच. पाठ कधीच न दुखलेल्या लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत झीज आढळली. ‘तुमची गादी गेली’ असे ऐकून घाबरलेला माणूस वाकायचा बंद होतो, चालायचा बंद होतो, आणि दुखणे मुक्काम ठोकते. ही भीती घालण्यात हाडांचे डॉक्टरही मागे नाहीत, हे इथे सांगायलाच हवे.

बाळांकडे वळले की पुरावा एकदम पातळ होतो. विल्यम सदरलँड या अमेरिकी ऑस्टिओपॅथने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले की कवटीच्या हाडांना एक सूक्ष्म लय असते आणि हलक्या हाताने ती सुधारता येते. तान्ह्या बाळांवरचे बरेचसे उपचार या कल्पनेवर उभे आहेत. एकाच व्यक्तीची ही लय दोन तपासणाऱ्यांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, यावरून ती बाळात आहे की तपासणाऱ्याच्या बोटांत, हा प्रश्न पडतो. बाळाच्या पोटातल्या कळांवर हस्तोपचारांच्या सहा छोट्या चाचण्यांचा, एकूण ३२५ बाळांचा, आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये घेतला. एकत्रित आकड्यांत रडणे कमी झालेले दिसले. पण बाळाला उपचार मिळाला की नाही हे जिथे आईवडिलांना माहीत नव्हते, तेवढ्याच चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा ठोस परिणाम उरला नाही. रडण्याची नोंद आईवडीलच करत होते, हे लक्षात घेतले की यातले मर्म कळते. असे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. रात्र-रात्र जागलेल्या आईला पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुणी ‘चार वेळा आणा, फरक पडेल’ म्हणाले, तर फरक पडणारच. त्या आईला धीर मिळाला, कुणीतरी तासभर बाळ हातात घेतले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यासाठी ‘जन्माच्या वेळी कवटीवर ताण आला होता’ असे निदान तिच्या माथी मारण्याची गरज नाही. आधीच दोष शोधत बसलेल्या बाळंतिणीला ते फार लागते.

वयाच्या दुसऱ्या टोकाला गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे निदान एक मोठा, प्रामाणिक प्रयत्न झाला. न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या पन्नाशीपुढच्या ४०६ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. सर्व रुग्ण धरून हिशोब केला तेव्हा हस्तोपचारांचा लक्षणीय फायदा दिसला नाही. ज्यांचे उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले तेवढ्यांचाच हिशोब केला तर दिसला. प्रचारात दुसरा हिशोब पुढे केला जातो. दरम्यान म्हाताऱ्या माणसांना खरोखर काय हवे आहे याचे उत्तर कधीच मिळालेले आहे: तोल सांभाळण्याचे आणि पायांत ताकद आणणारे व्यायाम पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी करतात. त्याची जाहिरात कुणी करत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप आधुनिक वैद्यकाच्या स्वतःच्या वागण्यावर आहे. गरज नसताना एमआरआय, वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या, घाईने शस्त्रक्रिया; यापुढे हलके हात काय वाईट? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मणक्यावरच्या हस्तोपचारांना जागा आहे. उलट कंबरेचे पट्टे, वजन लावून ओढ देणे, अल्ट्रासाउंडचा शेक, करंट आणि अफूजन्य औषधे नेहमीच्या उपचारात नकोत, असे तिथे म्हटले आहे. आपल्या गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत रोज काय चालते ते आठवले की हा टोला कुणाला बसतो ते कळेल. तेव्हा आक्षेप मान्य. पण त्याच सूचना व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांनाही जागा देतात, आणि त्या प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीपुरत्या आहेत. त्यात बाळाचे पोट येत नाही आणि पचनही येत नाही.

शिवाय हलके हात नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचे प्रकार दुर्मीळ आहेत, तरी झालेले आहेत. आपल्याकडची मोठी जोखीम वेगळीच आहे. भारतात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच भासतो. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, पायांत येणारा बधिरपणा किंवा लघवीवरचा सुटलेला ताबा, ही लक्षणे ज्याला विचारता येत नाहीत त्याच्या हाती पाठ देणे म्हणजे महिने वाया घालवणे. हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्यावर जोर देण्याआधीही कुणीतरी तिचे वय आणि जुने अस्थिभंग विचारायला हवेत.

ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथ ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही, आणि २०१६ पासून तिथल्या जाहिरात नियामकाने बाळे, मुले व गरोदर स्त्रिया यांच्या विशिष्ट तक्रारींवर पुराव्याशिवाय दावे करायला मनाई केली आहे. आपल्याकडे २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात फिजिओथेरपी आहे, ऑस्टिओपॅथीला स्वतंत्र स्थान नाही. १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा औषधे, ताईत, मंत्र अशांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला. हातांच्या उपचाराला तो कितपत लावता येईल हा वादाचाच मुद्दा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ती वापरायला नवा कायदा लागत नाही. उपाधीची नोंदणी व्हायला वेळ लागेल. तोवर ‘सर्व वयोगटांसाठी’ लिहिणाऱ्याकडे प्रत्येक वयोगटाचा, प्रत्येक तक्रारीचा पुरावा वेगळा मागता येईल, आणि कंबरेच्या ओळीपुढे जिथे तो मिळणार नाही तिथे ती ओळ पाटीवरून उतरवायला सांगता येईल.