हिवाळा आणि घराच्या खिडक्या

व्यापाऱ्यास ऋतूचे मोल सांगणे न लगे. माल केव्हा भरावा आणि केव्हा काढावा हे ज्यास अचूक कळते, तोच गृहस्थ घराच्या खिडक्या बदलण्याचे काम मृगाचे ढग दिसू लागल्यावर काढतो, हे नवल होय. उज्जयिनीत हे काम हिवाळ्यातच व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थंडीत घर उघडे का पाडावे, हा आक्षेप बर्फ पडणाऱ्या देशांत शोभेल. माळव्यात पौषातही रात्रीचा पारा बहुधा १० अंशांच्या आसपास राहतो व दुपार उबदार असते. आधी मापे घेऊन चौकट तयार ठेविली आणि एका दिवशी एकच खोली हाती घेतली, तर सकाळी काढलेल्या खिडकीच्या जागी सूर्यास्तापूर्वी नवी बसते.

लाकूड हवेतील ओल पिते आणि सोडते. येथील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत बसविलेली झडप फुगलेली असते. ती वाळली की फटी पडतात. उलट वैशाखात, पारा ४० अंशांच्या वर असता, घट्ट बसविलेली झडप श्रावणात अडून राहते. हिवाळ्यातील लाकूड या दोन टोकांच्या मधले असते. भिंतही कोरडी असते, आणि चौकटीभोवतीचा गिलावा पाणी झपाट्याने उडून तडकत नाही. चातुर्मासात आरंभ टाळणाऱ्या घरांसही हा काळ सोयीचा. धनुर्मासात नवे कार्य नको वाटल्यास मापे तेव्हा घ्यावीत व काम संक्रांतीनंतर काढावे.

परंतु खिडकी बदलणे म्हणजे जुनी फेकून देणे नव्हे. शिंद्यांची राजधानी १८१० पर्यंत या नगरीत होती. गोपाळ मंदिराच्या परिसरातील जुन्या वाड्यांची सागवानी चौकट अनेक पिढ्या टिकते. तिचा तळचा भाग कुजला असेल, तर तेवढाच तुकडा सांधता येतो. आत वाळवी शिरली असेल, तरच सबंध चौकट बदलावी. तिच्या जागी येणारी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी स्वस्त व हलकी खरी, पण दोन पट्ट्यांची असल्यास ती अर्धीच उघडते, आणि ती धातू लाकडाहून हजारपटीपेक्षा अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ज्या प्रांताची रात्र 'शब-ए-मालवा' म्हणून नावाजली, तेथे वारा अर्ध्यावर अडवावा, हा कोणता हिशेब? खरेदीची किंमत एका बाजूस मांडणाऱ्याने टिकाऊपणा व विजेचे बिल दुसऱ्या बाजूस मांडलेच पाहिजे.

यंदा हे सांगण्यास विशेष कारण आहे. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ च्या उन्हाळ्यात भरावयाचा आहे. रस्तारुंदीमुळे अनेक घरांचे दर्शनी भाग नव्याने उभारावे लागत आहेत, आणि यात्रेकरूंसाठी खोल्या सजविण्याची घाईही होईल. ऐन वेळी सुतार मिळणार नाही; मिळाला तरी ओले लाकूड आणि चढी मजुरी पदरी पडेल. घाईत उतरविलेली कोरीव खिडकी भंगारात एकदा गेली की परत येत नाही.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस विनंती आहे की, दिवाळीचे वहीपूजन आटोपताच घराच्या खिडक्यांचीही एक यादी करावी. कोणती दुरुस्त करावयाची, कोणती बदलावयाची, हे जाणत्या सुतारास दाखवून ठरवावे, आणि होळीपूर्वी काम पुरे करावे. पेढीचा माल जपणाऱ्याने वाडवडिलांचे लाकूडही मालच समजावे.