पाणी माशाला, खापर शेतकऱ्यावर



'शेती परवडत नसेल तर मासे पाळा' हा सल्ला आता आपल्या कोरडवाहू गावांपर्यंत येऊन पोचला आहे. तळ्याला अनुदान, तळ्यातल्या माशाला अनुदान, आणि नाव काय तर नीलक्रांती! हरितक्रांती झाली, धवलक्रांती झाली, आमच्या सातबारावरचा बोजा काही उतरला नाही. तेव्हा हाच सल्ला आपल्या आधी ज्यांनी ऐकला त्यांचे काय झाले ते पाहू.

आपली त्र्यंबकेश्वरची गोदावरी आंध्रात धवळेश्वरमला पोचते. तिथे १८५२ साली आर्थर कॉटनचा बंधारा पुरा झाला आणि खालचा मुलूख भाताचे कोठार बनला. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मुखांच्या मध्ये कोल्लेरू सरोवर आहे. बुडमेरू, तम्मिलेरूचा पूर त्यात उतरायचा आणि एकट्या उप्पुटेरूतून सावकाश समुद्राला जायचा. १९७०च्या दशकात सरकारनेच सहकारी सोसायट्या काढून सरोवराच्या पोटात मत्स्यतळी बांधायला लावली. सोसायटी गरीब मच्छीमाराच्या नावाची. पुढे बरीच तळी बाहेरच्या पैसेवाल्यांच्या हातात गेली. (सहकाराचा हा खेळ आपल्याला काही नवा नाही.) तळ्यांच्या बांधांनी पुराची वाट अडवली, पाणी आजूबाजूच्या भातात तुंबले. कालव्याचे गोडे पाणी तळ्यात, तळ्याची घाण निचऱ्याच्या चरात. पुढे कोळंबी आली, तिच्यासाठी बोअरचे खारे पाणी उपसले, शेजारच्याची जमीन खारावली.

मग सरकारला पर्यावरण आठवले. १९९९ साली ३०८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले आणि २००६ साली सुरुंग लावून तळी फोडली. बांधायला लावणारे सरकार, फोडणारेही सरकार! ज्यांची स्वतःच्या पट्ट्याची जमीन हद्दीत अडकली ते मोबदल्यासाठी भांडत राहिले. त्या जमिनीला तिकडेही 'जिरायती'च म्हणतात.

शहरातले शहाणे म्हणतात, शेतकरी लोभी, भात मोडून मासे करतो. आम्ही विचारतो, भात का मोडला? २०११ साली कोनसीमाच्या शेतकऱ्यांनी खरिपाला चक्क सुट्टी दिली, भात लावलाच नाही. पाटाचे पाणी दाराशी असून लावला नाही, कारण खर्च निघत नव्हता. भाताला भाव मिळाला असता तर सुपीक खाचर खणून तळे करायची बुद्धी कुणाला झाली असती? तळे खणणारा आमचा शत्रू नाही. पण त्याच्या तळ्याची किंमत शेजाऱ्याने का मोजावी, हा प्रश्न उरतोच.

आता आपला हिशेब. एक एकराचे तळे, पाणी पाच फूट, म्हणजे साठ एकर-इंच. ज्वारीला किंवा कपाशीला दोन इंचाची एक पाळी धरली, तर गळती सोडून तीस एकर भिजते. बोंडे भरताना पावसाने दडी मारली की ही एकच पाळी पीक वाचवते. नेमके तेव्हाच माशाला तळे भरलेले लागते. घरच्या शेततळ्यात पिकाचे भागवून कुणी मासे सोडले तर आनंदच आहे, भोई बांधवांचा तर तो पिढीजात धंदा. पण नदी-नाल्याचे वाहते पाणी वळवून मोठाली तळी भरायची आणि खालच्या गावाला 'पाऊस कमी झाला' म्हणून सांगायचे, हे चालू द्यायचे नाही.

जिल्हा बैठकीत तीन गोष्टी मागू. खालच्या गावांच्या ग्रामसभांना विचारल्याशिवाय नाल्याचे पाणी तळ्याकडे वळवायचे नाही. तळ्याची घाण ओढ्यात सोडली तर नुकसानभरपाई तळेवाल्याने द्यायची, शेजाऱ्याने कोर्टात खेटे घालायचे नाहीत. आणि माशाचे अनुदान दाखवून कापूस-ज्वारीच्या भावाची बोलणी टाळायची नाहीत. येताना प्रत्येकाने आपल्या नाल्यावर कुठे कुणाचे इंजिन बसले आहे ते लिहून आणावे.