इंग्रजीला पर्याय नको, इंग्रजीत पर्याय हवा

अकरावीला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला शाखा निवडता येते, महाविद्यालय निवडता येते. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषांपैकी एक घेता येते. काही ठिकाणी त्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान किंवा द्विलक्षी विषयही घेता येतो. इंग्रजी मात्र राज्य मंडळाच्या सगळ्या शाखांना अनिवार्य आहे आणि सगळ्यांसाठी पुस्तकही एकच, पेपरही एकच. नागपूरच्या मिहान परिसरात या एकाच पेपरच्या मर्यादा ठळकपणे दिसतात. बारावीनंतर दारात उभ्या असलेल्या नोकऱ्या आणि त्याच परिसरातील मुले यांच्यात जो अडसर आहे, त्यात इंग्रजीचा वाटा मोठा आहे.

दहावीला दोन, अकरावीला एक?

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. तरीही दहावीपर्यंत मंडळ एक वस्तुस्थिती मान्य करते, ती म्हणजे सगळ्यांची इंग्रजी सारखी नसते. म्हणून इंग्रजी माध्यमाच्या मुलांना 'इंग्लिश कुमारभारती' हे पुस्तक असते, तर मराठी व इतर माध्यमांच्या मुलांना 'माय इंग्लिश कोर्सबुक'. दोघांची काठिण्यपातळी वेगळी, प्रश्नपत्रिकाही वेगळी.

अकरावीत हा फरक एकाएकी पुसला जातो. दोन्हीकडची मुले एका बाकावर बसतात आणि 'इंग्लिश युवकभारती' हे एकच पुस्तक उघडतात. बारावीच्या पेपरमध्ये गद्य, पद्य, लेखनकौशल्य आणि कादंबरी असे चार विभाग आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. कादंबरीच्या विभागात शेरलॉक होम्सच्या 'द साइन ऑफ फोर'मधील उतारा आहे. साहित्याची गोडी असलेल्या मुलाला तो थोडा वाटतो. ज्याला अजून चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, तो त्याची उत्तरे गाइडमधून पाठ करतो. म्हणजे पहिल्याची भूक भागत नाही आणि दुसऱ्याची गरज भागत नाही.

मिहानला कोणती इंग्रजी लागते?

मिहान म्हणजे विमानतळ, मालवाहतूक केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्र यांचा एकत्रित प्रकल्प. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या. आज येथे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्र या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आहेत. विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आहे, एम्स आहे, आयआयएम आहे. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना येथे कोणत्या दर्जाची नोकरी मिळणार, हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. जमीन देणाऱ्या घरातील मुलाच्या वाट्याला केवळ फाटकावरची नोकरी यायची नसेल, तर त्याला फाटकाच्या आतील भाषा आली पाहिजे.

ही आतील भाषाही एक नाही. विमानाच्या दुरुस्तीच्या पुस्तिका इंग्रजीत असतात, पण ती इंग्रजी मुद्दाम सोपी केलेली असते. जगभरच्या तंत्रज्ञांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, हे लक्षात घेऊन विमान उद्योगाने १९८०च्या दशकात 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची नियमबद्ध भाषा तयार केली. तिच्या कोशात मान्य शब्द सुमारे ९०० आहेत. त्यात तांत्रिक संज्ञांची भर पडते. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांहून लांब नसावे, असा तिचा नियम आहे. आणि एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ. कारण पुस्तिकेतील ओळ चुकीची समजली तर विमान धोक्यात येते.

एम्समधील परिचारिकेची गरज निराळी. रुग्ण वऱ्हाडीत सांगतो, कोणी छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत सांगतो. नोंद इंग्रजीत करायची असते. ऐकलेले नेमके टिपणे आणि थोडक्यात लिहिणे, हे तिचे कौशल्य. सॉफ्टवेअर कंपनीत परदेशातील ग्राहकाशी बोलावे लागते, ई-मेल लिहावा लागतो, न समजलेले पुन्हा विचारावे लागते. एचसीएलची 'टेकबी' ही योजना तर बारावी झालेल्यांनाच प्रशिक्षण देऊन नोकरीत घेते. तिच्या चाचणीत गणित व तर्कक्षमतेबरोबर इंग्रजीही असते. म्हणजे प्रश्न पदवीनंतरचा नाही, सतराव्या-अठराव्या वर्षाचा आहे.

मग सक्तीच काढून टाकली तर?

मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यात अकरावी-बारावीला दोन भाषा आणि त्यांपैकी किमान एक भारतीय, अशी रचना सुचवली होती. इंग्रजीची सक्ती त्यात नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील लवचिकतेशी हे सुसंगत आहे आणि भारतीय भाषांचा आग्रहही योग्य आहे. राज्यात मराठी दहावीपर्यंत सक्तीची आहे, अकरावीत मात्र ती सहज सुटते, हे दुखणे खरेच आहे.

तरीही इंग्रजी सोडण्याची मुभा कोण वापरेल, याचा विचार करायला हवा. धरमपेठेतील इंग्रजी माध्यमाच्या मुलाने ती सोडली तरी त्याचे काही बिघडत नाही. ती त्याच्या घरात आहे, मोबाइलमध्ये आहे, मित्रांत आहे. खापरीच्या मुलीने 'अवघड जाते' म्हणून ती सोडली, तर तिच्यासाठी इंग्रजीचा तो एकमेव तासही बंद होतो. पुढे तिला तीच भाषा खासगी क्लासमध्ये पैसे मोजून शिकावी लागेल. वरवर समान दिसणारी ही मुभा प्रत्यक्षात विषमता वाढवणारी आहे. इंग्रजी घ्यायची की नाही, हा पर्याय नको. कोणती इंग्रजी घ्यायची, हा पर्याय हवा.

इतरत्र काय आहे?

ही कल्पना नवी नाही. सीबीएसईमध्ये अकरावी-बारावीला 'इंग्लिश कोअर' आणि साहित्याकडे झुकलेले 'इंग्लिश इलेक्टिव्ह' असे दोन स्वतंत्र विषय आहेत. तामिळनाडूच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात नेहमीच्या इंग्रजीशिवाय 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' हा ऐच्छिक विषय आहे. खुद्द इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य हे विषय वेगवेगळे घेता येतात. ज्यांची ही मातृभाषा, तेसुद्धा एकाच पेपरने सगळ्यांना मोजत नाहीत.

महाराष्ट्रात काय करता येईल?

नवा विषय वाढवण्याची गरज नाही. आहे त्याच १०० गुणांची विभागणी बदलता येईल. निम्मा भाग सगळ्यांना समान ठेवावा, त्यात वाचून समजणे, स्पष्ट लिहिणे, ऐकणे आणि बोलणे असावे. उरलेल्या निम्म्या भागात तीन पर्याय द्यावेत. पहिला साहित्याचा, त्यात कथा-कविता मनापासून वाचता याव्यात. दुसरा व्यवहार आणि सेवाक्षेत्रातील संवादाचा. तिसरा तांत्रिक इंग्रजीचा, म्हणजे सूचना, आकृती, अहवाल, नोंदी. दुसरी भाषा आपल्या जागी राहील, त्यामुळे मराठीच्या तासावर गदा येणार नाही.

येथे दोन धोके आहेत. एक, 'कामापुरती इंग्रजी' गरिबांची आणि साहित्य श्रीमंतांचे, अशी उतरंड तयार होऊ शकते. म्हणून तिन्ही पर्यायांचे गुण आणि पुढील प्रवेशातील वजन सारखे हवे, बारावीला पर्याय बदलण्याची मोकळीक हवी. खापरीच्या मुलीला साहित्य घ्यावेसे वाटले, तर शिक्षकांनी तिला परावृत्त करू नये. दुसरा धोका अंमलबजावणीचा. लहान कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीचा शिक्षक एकच असतो. तेथे तीन पर्याय एकदम सुरू होणार नाहीत. पण दोन तरी देता येतील आणि शेजारच्या महाविद्यालयांनी तास वाटून घेतले तर तिसराही.

खरी कसोटी तोंडी परीक्षेची आहे. ८० जणांच्या तुकडीत प्रत्येकाला दोन मिनिटे बोलायला लावायचे म्हटले तरी पावणेतीन तास लागतात. त्यामुळे अनेक ठिकाणी हे गुण न बोलताच पडतात. पर्याय कोणताही असो, बोलण्याचे गुण बोलण्यावरच द्यायचे, एवढे ठरले तरी वर्गातील शिकवणे बदलेल.

सुरुवात कुठून?

मिहानच्या आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांपासून का नको? शिक्षण मंडळाच्या परवानगीने तेथे दोन वर्षांचा पथदर्शी प्रयोग करता येईल. एम्समधील परिचारिका, विमान दुरुस्तीतील तंत्रज्ञ, कंपन्यांतील मराठी माध्यमातून शिकलेले तरुण महिन्यातून एकदा वर्गात येऊ शकतात. विमानतळ विकास कंपनीने गावांची जमीन घेतली, तेव्हा विकासाचे आश्वासन दिले होते. त्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतींत गावातील मुलांना बोलता यावे, लिहिता यावे, चुकीची सूचना आली तर 'हे चूक आहे' असे सांगता यावे, एवढी इंग्रजी त्यांना शाळेनेच द्यायला हवी.